खुल्या विद्याकार्याचे वारस

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावर दारासुरम् आणि स्वामिमलै ही स्थानके मागे पडली, की सुंदरपेरुमाळ कोयिल लागते. त्याच्या पुढचे पापनासम्. कावेरी आणि तिच्या फाट्यांनी भिजविलेला हा भातशेतीचा टापू. ‘कोयिल’ म्हणजे देऊळ आणि ‘पेरुमाळ’ म्हणजे विष्णू. गावाला नाव मिळाले ते देवळावरून. साहित्येतिहासाच्या चर्चेत या लहानशा स्थानकाचे नाव येण्याचे एरवी कारण नाही. परंतु एक विशिष्ट प्रश्न हाती असेल, तर अभ्यासकाने येथे थोडे थांबावे हे बरे. अनेकांच्या उपयोगाचे, सर्वांना मोकळे असलेले, पण दोन-चार माणसांच्या बळावरच चाललेले एखादे विद्याकार्य थांबते, तेव्हा ते पुन्हा चालू कसे होते, हा तो प्रश्न. या लोहमार्गावर त्याची दोन उत्तरे आहेत. एक पापनासम्‌जवळच्या उत्तमदानपुरम् या गावच्या उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांच्या आयुष्यात सापडते. दुसरे तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी दफ्तरांत आहे; पण ते अद्याप अपुरे आहे.

अय्यरांनी आपल्या आत्मचरित्रात गावाची एक कथा नोंदविली आहे. तंजावरचा कोणी राजा या बाजूस मुक्कामाला असताना एकादशी असल्याचे विसरून विडा खाऊन बसला, त्याचे परिमार्जन म्हणून त्याने अग्रहार वसविला आणि घरे बांधून ती दान दिली, तेच उत्तमदानपुरम्. हे आत्मचरित्र १९४० पासून ‘आनंद विकटन’मध्ये क्रमशः येत होते आणि कथेतील घटना सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची सांगितली आहे. तेवढे मागे गेले म्हणजे आपण भोसल्यांच्या राजवटीतच पोचतो. दंतकथेला इतिहासाचे वजन देऊ नये हे खरे. तथापि तमिळ प्राचीन वाङ्मयाच्या सर्वांत मोठ्या उद्धारकाचे गाव परंपरेने एका मराठीभाषक राजाच्या विसराळूपणाच्या खात्यावर जमा करावे, यात काही गंमत आहे.

मूळ प्रश्न आज ज्या शब्दांत मांडला जातो ते शब्द संगणकाच्या व्यवहारातून आले आहेत. संगणकाला द्यावयाच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कुलपात न ठेवता सर्वांना पाहण्यास, वापरण्यास, सुधारण्यास आणि वाटण्यास मोकळा ठेवावा, असा एक विचार रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून रुजत गेला. १९९८ पासून त्याला ‘ओपन सोर्स’ हे नाव पडले. मराठीत त्याला मुक्त-स्रोत म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्यास असे वाटते, की जे सर्वांचे त्याला हजारो हात लागत असतील. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. ज्यांच्यावाचून जगाचे व्यवहार अडतील अशी कामेसुद्धा तीन-चार जण, कधी एकटा मनुष्य, उरलेल्या वेळात सांभाळीत असतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘ओपन-एसएसएल’ नावाच्या अशाच एका आज्ञावलीत एक गंभीर दोष आढळला. जगातील असंख्य संकेतस्थळांचे गुपित जिच्या भरवशावर होते, त्या आज्ञावलीला देणग्या मिळत होत्या त्या वर्षाकाठी सुमारे २००० डॉलर, आणि पूर्ण वेळ तिला वाहून घेतलेला मनुष्य जवळजवळ एकच होता. दार सताड उघडे होते. आत येऊन घर झाडणारे कोणी नव्हते.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे चित्र परके वाटू नये. छापखान्यापूर्वीचा कोणताही लोकप्रिय ग्रंथ एका अर्थी मुक्त-स्रोतच असे. ज्याला हवी त्याने नक्कल करावी, आणि नक्कल करता करता आपली भर घालावी. ज्ञानेश्वरीचे असेच झाले. १५८४ साली एकनाथांनी प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीद ग्रंथाच्या शेवटी दिली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ढासळलेल्या सामुदायिक कामाचे व्यवस्थापन एका अधिकारी पुरुषाने हाती घेतले, आणि पुढच्या सहकाऱ्यांसाठी नियम घालून दिला. मराठी परंपरेने ती ताकीद पुष्कळ अंशी मानली, हे एकनाथांच्या नैतिक अधिकाराचे फळ. मात्र कोणता पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला, काय गाळले आणि का गाळले, याची टिपणे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्या काळच्या संपादकाकडून तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. पण परिणाम नजरेआड करता येत नाही: १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा जो वाद उभा राहिला, तो मिटविण्याचे साधन कोणाच्याच हाती नव्हते. निर्णय उरला होता. निर्णयामागची कारणे उरली नव्हती.

आता अय्यरांकडे वळावयास हरकत नाही.

त्यांच्या कार्याची कथा बहुधा एकाकी तपस्व्याची कथा म्हणून सांगितली जाते. वाळवी लागलेली ताडपत्रे, खेड्यापाड्यांतील वणवण, पदरमोड, आणि शेवटी एका माणसाच्या जिद्दीने वाचलेले दोन हजार वर्षांचे वाङ्मय. यातील प्रत्येक तपशील खरा आहे. तरीही कथा म्हणून ती दिशाभूल करते; कारण तिच्यातून असा बोध निघतो, की थांबलेले काम चालू व्हावयाचे असेल तर असामान्य पुरुषाची वाट पाहावी. कुंभकोणममध्ये प्रत्यक्ष काय घडले ते पाहिले म्हणजे चित्र बदलते.

१८८० साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजातील तमिळचे अध्यापक त्यागराज चेट्टियार निवृत्त होत होते. ते आणि अय्यर हे दोघेही महाविद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांचे शिष्य. गुरू १८७६ साली निवर्तले होते आणि अय्यर तिरुवावडुतुरै येथील शैव मठाच्या आश्रयाला होते. चेट्टियारांनी स्वतः खटपट करून आपल्या जागी या तरुण गुरुबंधूची वर्णी लावली. म्हणजे ज्या आसनावर बसून पुढले काम झाले ते आसन जाणाऱ्याने राहणाऱ्यासाठी राखून ठेवले होते. जाण्यापूर्वी वारस नेमणे ही गोष्ट क्षुल्लक दिसते. बंद पडलेल्या बहुतेक कामांत नेमकी तीच राहून गेलेली असते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सेलमचे रामस्वामी मुदलियार मुन्सफ म्हणून कुंभकोणमला आले. भेटीस आलेल्या अय्यरांनी आपण अभ्यासलेल्या ग्रंथांची नामावळी सांगितली: पुराणे, अंतादि, कोवै, उला, कलंबकम्. मुदलियारांवर तिचा परिणाम झाला नाही. ‘जीवकचिंतामणि’ वाचले आहे काय, असे त्यांनी विचारले. मठातील परंपरेत वाढलेल्या त्या उत्तम विद्यार्थ्याने हा जैन महाकाव्यग्रंथ वाचलेला नव्हता. मुदलियारांनी आपल्याजवळची कागदावरील नक्कल त्यांना दिली आणि पाठ सांगण्याची विनंती केली. मुदलियार कोणी संपादक नव्हते. ते वाचक होते. आणि आपल्याला काय वाचावयाचे आहे व कोण वाचून देऊ शकेल हे ओळखणारा वाचक हा ग्रंथसंशोधनातील एक दुर्लक्षित घटक आहे.

पुढची अडचण अधिक बोधप्रद. नच्चिनार्क्किनियर यांची टीका हाताशी असूनही ग्रंथ उकलेना, कारण त्यातील जैन परिभाषा शैव पंडिताला अपरिचित होती. अशा वेळी कुंभकोणममध्येच जैन कुटुंबे आहेत आणि त्यांच्या घरी चिंतामणीचे पठण-श्रवण अजूनही चालते, असे अय्यरांना कळले. ते त्यांच्या घरी जाऊन बसू लागले. कॉलेजातील अध्यापक व्यापाऱ्यांच्या ओसरीवर विद्यार्थी होऊन शंका विचारू लागला. विद्वानांच्या लेखी जो ग्रंथ ‘लुप्त’ होता, तो त्याच नगरात काही घरांत नित्य वाचला जात होता. आपण ज्याला थांबलेले काम म्हणतो ते कित्येकदा सर्वत्र थांबलेले नसते. आपल्या ओळखीच्या घरांत तेवढे थांबलेले असते.

चिंतामणि १८८७ साली प्रसिद्ध झाले. टीकाकार ज्या ओळी ग्रंथनाम न देता उद्‌धृत करतो त्या कोठल्या, याचा माग काढता काढता अय्यर संघकाळाच्या संग्रहांपर्यंत पोचले. ‘पत्तुप्पाट्टु’ १८८९, ‘शिलप्पदिकारम्’ १८९२, ‘पुरनानूरु’ १८९४, ‘मणिमेखलै’ १८९८: १९०३ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात बदली होण्यापूर्वीच, कुंभकोणमच्या तेवीस वर्षांत हे सारे झाले. याच काळात जाफन्याचे सी. वै. दामोदरम् पिळ्ळै काही वर्षे त्याच नगरात वकिली करीत होते, आणि त्यांचे ‘कलित्तोकै’ही १८८७ सालचेच. दोघांत चुरस होती, देवघेवही होती. एकाकीपणाची कथा येथेही पुरती टिकत नाही.

अय्यरांच्या पद्धतीतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. एक म्हणजे प्रती कोणाकडून मिळाल्या, त्या कशा अवस्थेत होत्या, पाठभेद कोणते, याची नोंद ते प्रस्तावनांतून व टिपांतून ठेवीत गेले, आणि स्वतःच्या आवृत्तीला अंतिम न मानता पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीत राहिले. चिंतामणीची दुसरी आवृत्ती १९०७ सालची आहे. दुसरी म्हणजे काम घरातच, शिष्यांच्या घोळक्यात चाले: एकाने प्रत वाचावी, दुसऱ्याने ताडून पाहावी, तिसऱ्याने उतरून घ्यावे. की. वा. जगन्नाथन यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले लेखक या घरात तयार झाले. ते १९४२ साली गेले; आत्मचरित्र अपुरे राहिले, पण काम अपुरे राहिले नाही. १९४३ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकाराने त्यांच्या संग्रहाचे ग्रंथालय मद्रासला उभे राहिले. आणि १९९८ च्या पोंगलला, लोझानचे के. कल्याणसुंदरम् व त्यांचे सहकारी यांनी ‘मदुरै प्रकल्प’ या नावाने तमिळ ग्रंथ संगणकावर विनामूल्य उपलब्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा देशोदेशीच्या स्वयंसेवकांच्या हाताशी टंकलेखनासाठी सिद्ध पाठ होते. ज्याला आज तमिळचे संगणकीय वैभव म्हणतात त्याचा पाया संगणकापूर्वी शंभर वर्षे कुंभकोणमला घातला गेला होता.

लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला तंजावर आहे, आणि तेथील चित्र वेगळे आहे.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजी तंजावरच्या गादीवर आले, आणि १८५५ साली दुसरे शिवाजी निपुत्रिक वारल्यावर इंग्रजांनी संस्थान खालसा केले. पावणेदोनशे वर्षांच्या या राजवटीचे सर्वांत मोठे स्मारक म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी (राज्यकाल १७९८–१८३२) वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय. १९१८ साली ते सार्वजनिक झाले. त्यातील संस्कृत संग्रहाची दखल विद्वज्जगताने लवकर घेतली: ए. सी. बर्नेल यांची वर्गीकृत सूची १८८० सालची, आणि पी. पी. एस. शास्त्री यांची वर्णनात्मक सूची १९२८ पासून खंडशः निघाली. मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत. त्यांत रामदासी मठांची परंपरा आहे, माधवस्वामींसारख्यांचे ओवीबद्ध महाभारत आहे, आणि राजे शहाजींच्या काळची नाटके आहेत. सांगलीच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून मराठी नाटकाचा आरंभ मोजणाऱ्या इतिहासाला ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ नाटकाने दीडशे वर्षे मागे पाहावयास लावले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ही हस्तलिखिते बहुतांशी बाळबोध लिपीत असल्याने वाचणारा मिळतो.

प्रश्न आहे तो राज्यकारभाराच्या कागदांचा. तेराशेंहून अधिक रुमाल मोडीत लिहिलेले. त्यांत जमाखर्च आहेत, देवस्थानांच्या नेमणुका आहेत, छत्रांचे हिशेब आहेत, वाड्यातील नित्याचा खर्च आहे. राजवंशाचा इतिहास सरफोजींनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवून ठेवला. तो पाहावयास प्रवासी येतात. पण तेथल्या समाजाचा इतिहास रुमालांत आहे. ते मोकळे आहेत, सार्वजनिक संस्थेत आहेत, जाणाऱ्याला पाहता येतात. आणि वाचणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजावी अशी.

या कामाला एकदा गती आली होती. १९८१ साली तंजावरला तमिळ विद्यापीठ स्थापन झाले. के. एम. वेंकटरामय्या यांचा तंजावरच्या मराठा राजवटीतील राज्यव्यवस्था व समाजजीवन यांवरील ग्रंथ १९८४ साली निघाला, आणि १९८९ साली निवडक मोडी कागदांच्या तमिळ भाषांतराचे तीन खंड पा. सुब्रमणियन यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. मराठी कागद तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये आणले, याबद्दल महाराष्ट्राने कृतज्ञ असावयास हवे. थोडी लाजही वाटावयास हवी, कारण आपल्याच भाषेतील या दफ्तरांकडे जाताना मराठी अभ्यासकाला आज तमिळची वाट धरावी लागते. पण त्या तीन खंडांनंतर काम ज्या वेगाने वाढावयास हवे होते त्या वेगाने वाढले नाही. दोष कोणा एका संस्थेवर टाकणे सोपे असले तरी त्यात तथ्य नाही. जी माणसे वाचू शकत होती ती थोडी होती, आणि त्यांच्यानंतर वाचणारी तितकीही राहिली नाहीत.

अडचणीचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहीत, आणि लेखणी न उचलता ओळ ओढल्याने अनेक अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. पुण्यातील दफ्तरांवर हात बसलेला वाचक ही अडचण संदर्भाने सोडवितो: गावाचे नाव, हुद्दा, मापाचे नाव त्याच्या परिचयाचे असते. तोच वाचक तंजावरच्या रुमालासमोर बसला की अडखळतो. तेथे मराठी वाक्यात तमिळ गावे आहेत, तमिळ माणसांची नावे आहेत, जमिनीची व धान्याची स्थानिक मापे आहेत, आणि ती सारी मोडीच्या अपुऱ्या स्वरचिन्हांत कोंबलेली. उलट तमिळ अभ्यासक गाव ओळखतो, पण क्रियापदापाशी थांबतो. या कागदांना दोन भाषांचा एक वाचक हवा, किंवा एका चटईवर बसणारे दोन वाचक हवेत. असा द्वैभाषिक वर्ग या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या होता. कुंभकोणमलाच जन्मलेले सर टी. माधवराव, जे पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झाले, ते त्याच तंजावरी मराठी घराण्यांतील. घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी कुटुंबे आजही आहेत. पण ती मराठी तमिळ लिपीत किंवा केवळ तोंडी जगते. मोडी तर महाराष्ट्रातल्या शाळांतूनही विसाव्या शतकाच्या मध्यास गेली.

येथे संगणकाचे पक्षपाती म्हणतील, की आता वाचकाची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. अंशुमान पांडे यांनी त्यासाठी सविस्तर प्रस्ताव तयार केला होता. मोडीचे अक्षरसंच विनामूल्य मिळतात. विनोद राजन यांनी घडविलेले ‘अक्षरमुख’ हे मुक्त-स्रोत साधन देवनागरीतील मजकूर क्षणात मोडीत आणि मोडीतील मजकूर देवनागरीत नेते. हे सारे स्वागतार्ह आहे. ज्या लिपीचा टाइप विल्यम केरी यांनी १८१० च्या मराठी कोशासाठी श्रीरामपुरात वापरला, ती दोनशे वर्षांनी पुन्हा छापण्याजोगी झाली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु टंकलिखित मोडी आणि कारकुनाच्या हातची मोडी यांत पुष्कळ अंतर आहे. हस्ताक्षर ओळखावयास यंत्राला शिकवावयाचे तर माणसाने आधी हजारो ओळी वाचून, चित्राशेजारी शुद्ध लिप्यंतर ठेवून द्यावे लागते. ज्या दिवशी वाचणारे संपतील त्या दिवशी यंत्राचा शिक्षकही संपेल. शिवाय ही साधने स्वतः एकेका माणसाच्या खांद्यावर उभी आहेत. म्हणजे थोड्या हातांवरचे एक काम थोड्या हातांवरच्या दुसऱ्या कामाचा आधार शोधीत आहे.

पैसा हा दुसरा उपाय सुचविला जातो. पैसा लागतोच. ओपन-एसएसएलच्या प्रसंगानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी निधी उभारला आणि त्याचा उपयोग झाला, कारण तेथे काम जाणणारी माणसे जगभर होती, फक्त त्यांना वेळ विकत घेऊन द्यावयाचा होता. मोडीची गोष्ट तशी नाही. येथे निधी मिळाला म्हणजे छायाचित्रे काढली जातात, कारण छायाचित्रे काढता येतात आणि मोजता येतात. लक्षावधी पृष्ठांचे चित्रण झाल्याचा अहवाल दिला की प्रकल्प पुरा होतो. न वाचलेला कागद मग न वाचलेले चित्र होतो, इतकाच फरक.

आणि घाई हा तिसरा, सर्वांत धोक्याचा उपाय. संगणकक्षेत्रातील २०२४ सालचे ‘एक्सझेड’ प्रकरण ग्रंथसंपादकांनीही वाचण्याजोगे आहे. एक उपयुक्त आज्ञावली एकटा मनुष्य वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळीत होता. तो थकला होता. काम रेंगाळते आहे, दुसऱ्याच्या हाती द्या, असा तगादा काही अनोळखी नावांनी लावला; आणि अत्यंत मदतशील वाटणारा एक नवखा सहकारी दोन-अडीच वर्षांत हळूहळू विश्वासाला पात्र ठरून अर्धा धनी झाला. त्याने तीत चोरदार बसविले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकाचा प्रवेश अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचे खटकले नसते, तर ते कधी उघडकीस आले असते कोण जाणे. एकनाथांनी ज्यांना ताकीद दिली ते ओव्या घालणारे दुष्ट नव्हते. पण धोक्याची जात एकच. थकलेल्या संपादकाला काम सोडावयास लावून पहिल्या उत्साही हाती ते देणे हे पुनरुज्जीवन नव्हे. तंजावरच्या कागदांत चोरदार बसविण्याचे कोणाला कारण नाही, असे मात्र समजू नये. जमिनीचे, देवस्थानाचे, मानपानाचे दावे अशा कागदांवर उभे राहतात, आणि चुकीचे किंवा सोयीचे लिप्यंतर एकदा छापले गेले की पन्नास वर्षे उद्‌धृत होत राहते.

तेव्हा करावयाचे काय? कुंभकोणमचा दाखला जे सुचवितो ते आकर्षक नाही, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. महाराष्ट्रात व तमिळनाडूत ज्यांना ही दफ्तरे वाचता येतात त्या प्रत्येकाजवळ, तो कार्यरत असतानाच, दोन विद्यार्थी बसवावेत: एक मराठीचा, एक तमिळचा. त्यांना पदवीसाठी मोडीविषयी प्रबंध लिहावयास न लावता मोडी वाचावयास लावावी. आज विद्यापीठात याच्या नेमके उलट घडते. लिप्यंतर हे ‘पूर्वतयारी’ समजले जाते, त्यावरचे विवेचन तेवढे संशोधन ठरते. दुसऱ्याच्या वाचनातील चूक दुरुस्त करणे याला तर नावच नाही. जो मनुष्य वीस वर्षे एक सूची अद्ययावत ठेवतो त्याच्यापेक्षा नवी सूची जाहीर करणारा मोठा मानला जातो. भारतीय भाषांच्या अभ्यासमंडळांनी इतर अनेक ठराव केले आहेत. शंभर पृष्ठांचे शुद्ध, टीपायुक्त लिप्यंतर हे प्रबंधाच्या तोलाचे मानावे, एवढा एक ठराव त्यांनी केला तर पुष्कळ होईल. नवीन संस्थेची गरज नाही. नव्या संस्थेचे उद्‌घाटन होते, आणि वाचणारे तेच दोघे तिकडे नेले जातात.

लिप्यंतर प्रसिद्ध करताना निश्चित वाचनाइतकेच अनिश्चित वाचनही छापावे. येथे अक्षर लागले नाही, येथे गावाचे नाव अमुक किंवा तमुक असू शकेल, या मापाचा अर्थ उमगला नाही, असे उघड लिहिले म्हणजे पुढच्या वाचकाला कोठून सुरुवात करावी ते कळते. मुक्त-स्रोत कामातील जाणती माणसे मजकुराइतकीच न सुटलेल्या प्रश्नांची यादी जपतात, कारण नवा मनुष्य आत येतो तो त्या यादीतून. आपल्याकडे संपादकाला न लागलेला शब्द गाळण्याची किंवा अंदाजाने भरण्याची खोड आहे. विद्वत्तेची अब्रू राखण्यासाठी केलेली ही लपवाछपवी दार बाहेरून उघडे ठेवून आतून कडी घालण्यासारखी आहे.

आरंभ कोठून करावा याविषयी मतभेद होतील. राजनैतिक पत्रव्यवहार इतिहासकारांना अधिक भुरळ घालतो. पण छत्रांच्या हिशेबांपासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे. सरफोजींनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले छत्र आणि अशी इतर छत्रे वाटसरूंना अन्न देत, आणि हिशेब म्हटला की तेच तेच शब्द फिरून फिरून येतात: तांदूळ, डाळ, तूप, सरपण, आचारी, तारीख, गाव. नवशिक्याचा हात बसावयास पुनरावृत्तीसारखे साधन नाही, आणि यंत्राला शिकवावयाचे असेल तरी हाच मजकूर उत्तम. शिवाय हिशेबातील गावांची नावे पडताळून पाहावयास विद्वान लागत नाही. कुंभकोणम आणि तंजावर यांच्या दरम्यान कोणत्याही स्थानकावर, सुंदरपेरुमाळ कोयिललाही, ग्रामाधिकारी असतो, देवळाचा पुजारी असतो, शाळेचा मास्तर असतो. मोडीत जे नाव तीन प्रकारे वाचता येते त्यातले कोणते खरे, शेताला त्या नावाने अजून हाक मारतात की नाही, हे त्यांना ठाऊक असते. अय्यरांना चिंतामणीचा अर्थ ज्या ओसरीवर मिळाला तशाच या ओसऱ्या आहेत. पहिल्या रुमालाची पन्नास पृष्ठे, डावीकडे मोडीचे चित्र, उजवीकडे देवनागरी, खाली तमिळ, आणि शेवटी न लागलेल्या शब्दांची यादी, एवढे दोन विद्यार्थ्यांना एका वर्षात करता येण्याजोगे आहे. ती यादी प्रथम पापनासम् तालुक्यातल्या शाळांकडे पाठवावी.